रुईवरचा नाकतोडा

आंजी (मोठी)
१३ सप्टेंबर २०२५

चि. मेघास आबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून चिठ्ठी दूधवाल्याच्या हाती देतो. तुझी आजी नाचणगावला बहिणीकडे गेली. जाताना तिने बजावलं, की बाकी काही करू नका, माझ्या दोन कोंबड्या तेवढ्या जित्या ठेवजा. आज शनिवार, म्हणून मारुतीच्या हारासाठी रुईच्या फांद्या आणून अंगणात टाकल्या. त्यांवर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे नाकतोडे होते, ते झटकायचे राहिले. तांबडीने धावत जाऊन एक गिळला. करडी लांबूनच मान वाकडी करून पाहत राहिली. आता तांबडी पंख टाकून पडली आहे. सकाळी मी तिचंच अंडं खाल्लं; माझ्याही पोटात ढवळतं आहे. तू कॉलेजात पाखरांचा अभ्यास करतेस, लवकर लिही.

घाबरलेला,
आबा

सिंदी मेघे
१४ सप्टेंबर

ती. आबांस मेघाचा सा. नमस्कार.

अंडं आधी, नाकतोडा नंतर. पोटात ढवळतं ते भीतीनं. तांबडीला सावलीत ठेवा, जवळ पाणी असू द्या. रुईच्या चिकाचं विष त्या किड्याच्या अंगात असतं, आणि भडक रंग ही त्याची ताकीद. धीट पाखरू ताकदीला जुमानत नाही तसं ताकिदीलाही नाही, लगेच चोच मारतं. बुजरं थांबतं. पण करडी शहाणी आहे असं समजून निर्धास्त होऊ नका. तिला ठाऊक काहीच नाही, ती फक्त उशीर करते. तुम्ही तिच्याहून भित्रे आहात, असं आजी नेहमी म्हणते, मी नाही.

तुमची माया अशीच राहू द्या.
मेघा

आंजी (मोठी)
१५ सप्टेंबर

चि. मेघास आशीर्वाद.

तांबडी काल संध्याकाळी उठली, दाणे टिपले. पण तुझी चिठ्ठी वाचून मला करडीची धास्ती बसली. तिला डालग्याखाली कोंडलं, तर ती दाण्याला शिवेना. शेजारच्या रामबाईंनी विचारलं, काऊन हो, चोरी केली काय तिनं? लाजून सोडली. फांद्या फेकल्या होत्या, तरी एक नाकतोडा भिंतीशी होताच. करडी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी काठी उचलली. मग वाटलं, आज हाकलली तर उद्या मी नसताना त्याच्याकडे जाईल. काठी खाली ठेवली आणि नुसता पाहत बसलो. तिने त्याला चोचीच्या टोकात धरलं, लगेच टाकून दिलं, चोच मातीत पुसली आणि दाण्यांवर तुटून पडली. नाकतोडाही जिताच निघून गेला.

तुझी आजी उद्या दुपारच्या बसने येते. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. आता तेवढी एकच भीती उरली आहे, ती मात्र मोठी. तिला आधी तूच फोन कर.

या म्हाताऱ्यावर तुझा लोभ राहो.
आबा