डावा स्पीकर जरा वर

तीर्थस्वरूप वन्सं,

साष्टांग नमस्कार (कागदावरच घालते, खरोखर घातला तर उठवायला माणूस शोधावा लागेल). तुमचा गुडघा कसा आहे? माझा बरा आहे, म्हणजे दुखतो, पण गाऱ्हाणं करत नाही.

लिहायचं कारण आपली मागची खोली. तिथे मी पुस्तकं वाचायची आणि ह्यांनी ती रेकॉर्ड करायची असा ह्यांचा बेत होता, तुम्हाला ठाऊकच आहे. मी वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. हे रेडिओ उघडून बसायचे आणि माझं अडखळणं ऐकायचे. कधी हसले नाहीत. मी शब्दाला अडले की हातातली पकड खाली ठेवायची, अर्थ सांगायचा, पुन्हा पकड उचलायची. ते गेले आणि खोलीत अर्धवट चौकटी तेवढ्या राहिल्या. यंदा म्हटलं, पुरं करू.

आवाज घुमू नये म्हणून त्या चौकटींत लोकरीसारखं काहीतरी भरून भिंतींवर टांगायचं असतं. सुतार म्हणाला, हातमोजे घाला. मी म्हटलं, जन्मभर उशा भरल्या, मला काय शिकवतोस! मग आठवडाभर अशी खाजवत होते, की शेजारीण लांबूनच चौकशी करायला लागली. चौकटी टांगल्यावर टाळ्या वाजवून बघतात. एका कोपऱ्यात सुतार, दुसऱ्यात मी, दोघं गंभीर चेहऱ्यानं टाळ्या वाजवतोय. शेजारीण दारातून म्हणते, "बक्षीस कुणाला मिळालं?" पण खरं सांगू? शेवटची टाळी वाजवली आणि खोलीतून काहीच परत आलं नाही, तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. इतके दिवस निदान ती तरी उलट बोलायची.

खरा घोटाळा वाचलेलं ऐकायच्या स्पीकरांचा. ते खुर्चीत बसणाऱ्याच्या कानाच्या रेषेत हवेत. मी चहा टाकायला गेले, तेवढ्यात सुतारानं समोरासमोरच्या भिंतींवर पेन्सिलीच्या दोन खुणा बघितल्या आणि तिथेच ब्रॅकेट ठोकले. खुणा ह्यांच्या कानाच्या! तुमच्या घराण्याची उंची तुम्हाला सांगायला नको (लग्नात तुम्हीच विचारलं होतंत, "काय रे, बायको आणलीस की खिशात घालून आणलीस?"). मी खुर्चीत बसले, तर दोन्ही स्पीकर माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात. त्यात डावा जरा वर. सुतार आपल्या पाणसळीवर चिडला, बुडबुडा मध्ये येईना. तिचा काय दोष? रेघा मी मारलेल्या. तेव्हा हे खुर्ची आधी उजव्या, मग डाव्या भिंतीला लावून ताठ बसलेले, मी शेजारी उभी (ते बसले आणि मी उभी राहिले, तरच आमची उंची जुळायची). उजवी रेघ नीट आली. डाव्या कानाला पेन्सिल लागली, ह्यांना गुदगुली झाली, फसकन हसले आणि माझा हात वर उडाला. "राहू दे, नंतर पुसू," म्हणाले.

सुतार म्हणतो, "काकू, दोन्ही खाली घेतो. ऐकणार तुम्ही, कान तुमचे." मी म्हटलं, विचार करते. तूर्त खुर्चीवर शब्दकोश आणि एका कादंबरीचे दोन भाग ठेवून वर बसते. कान बरोबर येतात, पाय लोंबकळतात.

बाकी ठीक.

तुमच्या भावाच्या खिशातली,
वहिनी

ता. क. : रविवारी सुतार यायचाय. त्याच्या आत या. बसल्यावर तुम्ही थेट ह्यांच्याएवढ्या. त्या खुर्चीत बसा, मी वाचून रेकॉर्ड केलेलं लावते, आणि तिथून कसं ऐकू येतं ते सांगा. खाली घ्यायचे की नाही, तुमच्यावर सोडलं.

पुन्हा ता. क. : तुम्ही काहीही सांगितलंत तरी ते खाली येणार नाहीत. सुताराला मी परवाच नको म्हटलं, रविवारी तो दाराची कडी बसवायला येतोय. तरी या. वाचताना शब्द अडतो, आणि कोश नेमका माझ्या बुडाखाली. पूर्वी अडले, की पकड खाली ठेवल्याचा आवाज यायचा.