मुलींना डोंगरावर न्यायचं तर

८ डिसेंबर
सहलीतला वेरूळचा डोंगर आठवीला झेपेल का, ते बघायला आज सगळ्यांना हर्सूल तलावापर्यंत चालवलं. परतताना सविता चक्कर येऊन रस्त्यातच बसली. वॉटरबॅग गच्च भरलेली! सकाळपासून घोटभरही पाणी नाही. मी भडकलो. "पाणी काय मिरवायला आणलं होतं?" तिनं वॉटरबॅग पाठीमागं सरकवली. बाकीच्या मुलींच्या वॉटरबॅगा बघितल्या, त्याही तशाच. एवढे दिवस घसा फोडून सांगतोय ते कुणाला?

९ डि.
घरी तणतणलो. मंदा हसायलाच लागली. "अहो, डोंगरात पोरींनी जायचं कुठं? आयाच सांगून धाडतात, पाणी पिऊ नको. मी तरी कन्नडला माहेरी जाताना एसटीत कुठं पिते?" इतकी वर्षं संसार केला, बायकोनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. प्रथमोपचाराची पेटी, दोर, शिट्ट्या सगळं जमवलं. आडोशाचं डोक्यातच आलं नाही.

११ डि.
मुख्याध्यापकांना म्हणालो, मुलींच्या आडोशाला कनात पाहिजे, सोबत एक बाई पाहिजे. "कशाला झंझट? पोरींना राहू द्या, पोरं न्या." विषय खलास. शाळेत शिक्षिका एकच, त्यांचे गुडघे दुखतात. वैताग नुसता. पाणी प्यायल्या नाहीत तर चक्कर, पिणार म्हटलं तर सहलच बंद.

१४ डि.
मंडपवाल्यानं जुनी कनात दिली, बांबूंसकट. मंदा येते म्हणाली. मग सविताच्या घरी गेलो. तिची आई दारातच, "मास्तर, पोरगी धड जेवंना. निस्ती पोरंच नेणार व्हय?" म्हटलं, तुम्ही येता का मुलींसोबत? कापूस वेचायला जायचं होतं तिला. हातातली झोळी खाली ठेवली. मग, "येते. मी असल्यावर पिईल ती पाणी."

१६ डि.
उद्या निघायचं. आज पुन्हा मु.अ.कडे गेलो. कनात आहे, दोन बायका आहेत, गाडीत जागा आहे. वर न बघताच, "एकदा सांगितलं ना, फक्त पोरं." हात जोडून बाहेर आलो, अंगाचा नुसता तिळपापड.

शाळा सुटताना मुलींना सांगून टाकलं, सकाळी सगळ्या गेटवर या.

मु.अ.ना हे माहीत नाही. गाडीपुढं नारळ फोडायला सकाळी तेच येणार आहेत.