कार्डातले एक्केचाळीस धडे

१४ सप्टेंबर २०१६, बुधवार. सकाळी १०.२०

जीपवाल्या श्यामभाऊच्या मेमरी कार्डात गाणी भरत होतो. ६३ टक्के झाले होते. तेवढ्यात एक बाई दुकानात आल्या, चपला चिखलाने भरलेल्या. अपेक्षा बाई. मूळच्या अकोल्याच्या. धारणीपासून चौदा किलोमीटर आत, जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्या आल्यात.

"इथं नेट चालतं ना?"

चालते म्हटले. कधी कधी!

त्यांच्या पहिलीत एकोणीस मुले. सगळी घरी कोरकू बोलणारी. बाईंना कोरकू येत नाही, मुलांना मराठी येत नाही. म्हणाल्या, "दोन महिने झाले. मी बोलते अन् लेकरं नुसती माझ्या तोंडाकडे पाहतात." नेटवर मराठी गोष्टी ऐकायला मिळतात, पण शाळेत रेंज नाही. मी उतरवून कार्डात भरून द्यायच्या.

गल्ल्यावरून दुकानाचे मालक नबीमामू म्हणाले, "फुकट का काम नहीं. दस रुपये."

घेतले. गोष्टींची नावे नीट टाइप केली. दोन शब्द अडले, ते ऑनलाइन शब्दकोशात पाहिले. आठवीत शाळा सुटली म्हणून काय झाले? माझ्या हातून चुकीचे काही जाऊ नये.

२२ सप्टेंबर, गुरुवार

बाई परत आल्या. गोष्टी ऐकून मुले हसली म्हणे. पण कशाला हसली ते बाईंना कळेना!

आज सोबत पार्बताबाई कासदेकर. शाळेत खिचडी शिजवतात, कोरकू आहेत. युक्ती बाईंचीच — बाई मराठीत एक वाक्य बोलणार, पार्बताबाई तेच कोरकूत. मी मोबाइलवर रेकॉर्ड करायचे आणि तुकडे जोडायचे. पहिला धडा चुलीचा.

पार्बताबाई मोबाइलकडे पाहून हसतच सुटल्या. "याच्यात बोलू? याले कान कोठी हायेत?"

चौथ्या वेळी जमले. मी मध्ये खोकलो होतो, तेवढे कापून टाकले.

८ ऑक्टोबर, शनिवार

एक्केचाळीस धडे पूर्ण! मोजणे, बाजार, ताप आला तर काय सांगायचे — सगळे. बाईंनी तीन धडे शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. लगेच दोन गावांतून विचारणा.

एक गोष्ट फक्त इथे लिहितो. जो गाणी भरायला येतो, त्याच्या कार्डात मी धडेही टाकतो. न विचारता. त्यांना ००१ पासून आकडे दिलेत, म्हणजे कार्ड लावले की आधी तेच लागतात. मामूंना कळले तर?

१८ ऑक्टोबर, मंगळवार

कळले. श्यामभाऊ तापूनच आला. "काहून बे हसनैन! दहा रुपये गाण्याचे घेतले, अन् कार्ड लावलं की बुढी चूल पेटवते!"

हात जोडले. आत्ता काढून देतो म्हणालो. तर म्हणे, "राहू दे. पॅसेंजर ऐकून राहिले. काल सेमाडोहपर्यंत अख्खी जीप कोरकूत मोजत होती. मलेबी आता वीसपर्यंत येते."

मामू एवढेच म्हणाले, "अगली बार पूछ के डाल."

देवाची दया.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

नोटा बंद झाल्यापासून बाजार सुना आहे. इकडे काम नाही, म्हणून माणसे अकोल्याकडे कापूस वेचायला निघालीत. दर वर्षी जातात, यंदा जास्तच. तिकडेही कापसाला भाव नाही, मजुरी उधारीवर म्हणतात. बाईंच्या एकोणीस मुलांपैकी अकरा आईबापांसोबत चालली. होळीला परततील. "तोवर सगळं विसरतील रे," बाई म्हणाल्या. डोळे भरले होते.

पार्बताबाईही चालल्या. खिचडीचे मानधन पाच महिने आले नाही. नात फुलवंती पहिलीतच आहे, तीही सोबत. जाताना बटणांचा मोबाइल पुढे केला. "माये धडे याच्यात भरून दे."

भरले. मामूंनी सवयीने हात पुढे केला, पार्बताबाईंनी दहाची नोट दिली. त्यांचाच आवाज आम्ही त्यांनाच विकला! 

९ जानेवारी २०१७, सोमवार

लिहायला हात उठत नाही.

बाईंचे कार्ड उघडेना. व्हायरस. दुकानाच्या कॉम्प्युटरातही शिरला होता. मी कुठलेही काम अर्धे सोडत नाही — कार्ड आणि कॉम्प्युटर दोन्ही पूर्ण पुसले. धडे वेगळे काढून ठेवलेत अशी खात्री होती. ठेवले नव्हते. मोबाइलमधले जागा करायला आधीच काढले होते.

ग्रुपवर तीन आहेत. अडतीस गेले. २६ जानेवारीला बाई सगळे धडे नेटवर चढवणार, बारा शाळा वाट पाहत आहेत. पार्बताबाईंचा फोन बंद.

१३ जानेवारी, शुक्रवार

बाईंना सांगितले. चार दिवस लागले तोंड उघडायला. बाईंनी रिकामे कार्ड पर्समध्ये ठेवले. मग म्हणाल्या, "जेवलास का?"

रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

१४ जानेवारी, शनिवार

दुकानासमोरून जीप गेली आणि जीपमधून पार्बताबाई बोलत होत्या!

लोकांच्या कार्डांत धडे आहेत हे मला सुचलेच नव्हते! अनवाणी धावलो. स्टँडवर गाठली. श्यामभाऊने नव्या गाण्यांसाठी थोडे धडे पुसले होते, तरी सव्वीस निघाले.  तो म्हणाला, "रडतो काहून? घे ना कार्ड, मी चहा पेतो तोवर."

२१ जानेवारी, शनिवार

आठवडाभर येईल त्याचे कार्ड मागतो आहे. मामूंनी आपणहून पाटी लावली — "धडे आणा, गाणी फुकट." मामूंनी! एका म्हाताऱ्याने तर कार्ड फडक्यात बांधून आणले होते.

एकोणचाळीस झाले. बारावा आणि तिसावा नाही. बाई म्हणाल्या, "पुष्कळ झाले रे." २६ तारखेला तेवढेच चढतील.

न विचारता भरले, म्हणून वाचले. ती चूक कुणाकडे कबूल करू?

१६ मार्च, गुरुवार

पार्बताबाई परतल्या. बाईंना घेऊन सरळ दुकानात. त्यांच्या मोबाइलमध्ये बारावा आणि तिसावा, दोन्ही! खाली आणखी पाच रेकॉर्डिंग होती. लावली. वाऱ्याचा आवाज, कुणीतरी खोकते, मग पार्बताबाई कोरकूत काही म्हणतात. आणि त्याचे मराठी सांगते फुलवंती. "हे बोंड आहे. हे फुटलं. आता वेचायचं." न अडखळता.

बाई उभ्याच होत्या, बसल्या. मग म्हणाल्या, "आकडे दे यांना." दिले. ०४२ ते ०४६.

खर्च : नवी कार्डे दोन, ३६० रु. (एक फक्त जपून ठेवायला). नेटचे रिचार्ज ९८ रु.
देणे : पार्बताबाईंचे दहा रुपये. आज पुढे केले. म्हणाल्या, "ठेव. पुढच्या साली जाऊ, तवा भरून देजो."