डोळा काढावा लागला नाही

धुळे, सोमवार

ती. आईस नवीनचा नमस्कार,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि तुला काळजी नको म्हणून तुझी सून मयुरी तुला निम्मंच सांगते. म्हणून लिहितोय.

डोळा काढावा लागला नाही. केळीचं पान लागून बुबुळावर झालेली जखम औषधांनी भरत नव्हती. मग डॉक्टर मॅडमनी त्याच डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा सरकवून जखमेवर पांघरला आणि बारीक टाके घातले.

मी विचारलं, "दिसेल का?"

"आत्ता या डोळ्याने नाही. आधी डोळा वाचवू, नजरेचं वर्षभराने बघू."

ऐकून जरा वाईट वाटलं. पण महिनाभराचा ठणका गेला, आई! काल दोन भाकरी खाल्ल्या. शेजारच्या खाटेवरचे सुकलालआबा म्हणाले, "आते बठ्ठं बेस व्हई, भाऊ." आता सगळं बरं होईल, असं मलाही वाटतंय.

उजव्या डोळ्याने स्वच्छ दिसतं. घड कापणीला आले का? मयुरीला चष्म्याशिवाय बागेत जाऊ देऊ नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

शनिवारी येतोय. डोळा पांढुरका दिसेल, बघून रडू नकोस. कसाही असला तरी तो माझाच आहे.

तुझा,
नवीन