फाटकावरचा फळा

बाबा,

परवा सकाळी माझा फोन किंचाळला. हल्ली सरकारचा इशारा असाच येतो. फोन कपाटात ठेवला तरी ओरडतो, थरथरतो, आणि वर ठळक मराठीत मजकूर उमटतो. बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ किनाऱ्याला लागलं आहे, त्याच्या शेपटामुळे दुपारनंतर अमरावती जिल्ह्यात तुरळक ठिकाणी सोसाट्याचा वारा, विजा आणि पाऊस. मांडवात, टिनाच्या शेडखाली थांबू नका. मी तेव्हा दूध घ्यायला खाली उतरले होते. आमच्या इमारतीतली माणसंही खालीच होती, कारण दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा त्या दिवशी दुपारी गच्चीवर साखरपुडा होता आणि मांडववाल्याचे बांबू आणि टिनपत्रे उतरत होते. एकाच वेळी सगळ्यांचे फोन किंचाळले आणि एकाच वेळी सगळे हसले. "समुद्र कुठं, अमरावती कुठं!" मुलाचे वडील म्हणाले. दुसरा म्हणाला, "ऑरेंज अलर्ट आहे भाऊ, म्हंजे औंदा संत्रा जोरात!" तिसरा, जो इंजिनिअर आहे आणि तसं दर पाच मिनिटांनी सांगतो, तो म्हणाला, "हे पाणी येईन म्हणते ना, म्हंजे छत्री घरीच ठेवा." हा विनोद मी पन्नास वर्षं ऐकते आहे. माणसं शिकली, विनोद तोच राहिला.

मला या लोकांची कीव येत नाही, किळस येते. तुम्हाला यायची नाही, हा तुमच्यातला दोष होता. इशारा खरा ठरला तर हे म्हणणार, त्यात काय, आभाळ तर दिसतच होतं. खोटा ठरला तर ते बारा वर्षं लक्षात ठेवणार. आणि हेच लोक अक्षय्य तृतीयेला पावसाच्या भाकितासाठी घटात मांडलेली सुपारी हलली का, करंजी फुटली का, हे पेपरात बारकाईने वाचतात. त्या घटाच्या दहा गोष्टींपैकी एक जुळली तर हात जोडतात. नऊ चुकल्या, हे मोजायला त्यांना कोणी शिकवलेलं नाही. मोजणी ते फक्त तुमच्यासारख्यांची करतात.

तुम्ही तर अंदाज करतही नव्हतात. तुमचं काम मोजायचं. अकोल्याच्या वेधशाळेत सकाळी साडेआठच्या ठोक्याला पांढऱ्या जाळीच्या पेटीतला पारा वाचायचा, पावसाच्या नळकांड्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडे नागपूरला कळवायचे. अंदाज नागपूरहून यायचा. पण जठारपेठेतल्या आपल्या घराच्या फाटकावर एक फळा टांगून त्यावर तो अंदाज तुम्ही रोज लिहायचात, कोणी सांगितलं नसताना. त्यामुळे जे चुकायचं ते तुमचं चुकायचं. गल्लीतली माणसं जाता जाता विचारत, "काय साहेब, आज पाणी किती वाजता पाठवून राहिले?" तुम्ही हसून सायकल काढायचात. मला तुमचं हसणं सहन व्हायचं नाही.

एकदा स्वयंपाकघरात मी चिडून विचारलं होतं, की हे तुरळक ठिकाणी म्हणजे काय, सरळ सांगत का नाहीत? आई ज्वारी निवडत होती. तुम्ही तिच्या सुपातले चार दाणे उचलून रिकाम्या परातीत टाकले. "हे परात म्हंजे आपला जिल्हा. दाणे कुठी कुठी पडले, पाह्य. आता जिथी नाई पडला तिथला माणूस काय म्हणते? म्हणते, कोणी टाकलाच नाई." आई म्हणाली, "ते समदं ठीक आहे, पण दाणे उचला आधी." पुढे मी कॉलेजात भूगोल शिकवला, तेव्हा दरवर्षी एक परात घेऊन वर्गात जायची. मुलं हसायची.

मग ताईचं लग्न झालं, तेल्हाऱ्याला, मे महिन्यात. आदल्या दिवशी गारपिटीचा इशारा होता. तुम्ही हट्टाने पंगत मैदानातून उचलून कापसाच्या जिनिंगच्या बंद गोदामात नेली. गारा सोडा, ढगही आला नाही. सरकीच्या वासात, घामाने निथळत लोक जेवले. नवरदेवाचे मामा भर पंगतीत ओरडले, "व्याही, तुमच्या गारा वाटेतच इरघळल्या का हो?" वाढपीसुद्धा हसले. त्या दिवसापासून तुमचं नाव गारवाले व्याही पडलं. दुसऱ्या दिवशी पेपरात होतं, की शेजारच्या तालुक्यात लिंबाएवढ्या गारा पडल्या. मामांना ते कोणी वाचून दाखवलं नाही. मीही नाही. मी अठरा वर्षांची होते आणि मला फक्त एवढं कळत होतं, की माझ्या बापाला लोक हसतात.

आता जे लिहिणार आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, पण मी तोंडाने कधी सांगितलं नाही. लग्नानंतर आठच दिवसांनी तुम्ही फळ्यावर लिहिलंत, दुपारनंतर वादळी वारा आणि पाऊस, तुरळक ठिकाणी. लिहून तुम्ही कामावर गेलात. समोरून कॉलेजच्या दोन मुली यायच्या होत्या, मला सोबत न्यायला. त्यांनी तो फळा वाचू नये म्हणून मी न्हाणीतलं ओलं फडकं आणलं आणि फळा पुसून टाकला. एवढ्यात समोरची कुरडयावाली मावशी फाटकाशी आली. नवरा गेल्यापासून उन्हाळ्यात घरोघरच्या शेवया, कुरडया करून देणं हाच तिचा आधार. तिला वाचता येत नव्हतं. गल्लीत तुमच्या फळ्यावर भरवसा ठेवणारी ती एकटीच होती. रोज विचारल्याशिवाय ती गच्चीवर काही टाकत नसे.

"पोरी, काय लिवलं व बाबानं? चीक शिजून तयार आहे माहा. टाकू का वरतं?"

"काही नाही लिहिलं," मी म्हणाले. "टाका."

चार वाजता वारा-वावधान सुटलं. या वेळी परातीतला दाणा आपल्याच गल्लीवर पडला. मावशी तीन घरच्या ओल्या कुरडया गोळा करायला गच्चीवर धावली आणि शेजारचं उडालेलं टिन तिच्या उजव्या मनगटावर आलं. हाड दोन जागी मोडलं. आठवड्याने ती प्लॅस्टरमधला हात घेऊन आपल्या ओट्यावर बसली होती. आई तिला चहा देत होती, मी दाराआड उभी होते. ती तुम्हाला म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी फळा त कोरा होता तुमचा. या टायमाले तुमालेबी समजलं नाई ना?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. स्वतःच्या हाताने सकाळी लिहून गेलेला माणूस तुम्ही. तुम्ही तिच्या हाताकडे पाहिलंत आणि म्हणालात, "हो मावशी. चुकलं माह्यावालं."

हात वाकडा जुळला. सोऱ्या दाबायला मनगटात जोर लागतो, तो परत आला नाही. पुढच्या उन्हाळ्यापासून ती लोकांकडे धुणंभांडी करायला लागली. मावशी ओट्यावर येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्यासमोर फक्त खडू ठेवलात. "आजपासून तू लिव. माह्यं अक्षर लोकायले लागत नाई म्हणते." तुमचं अक्षर छापल्यासारखं होतं. न्हाणीच्या दोरीवरचं खडूने पांढरं झालेलं फडकं तुम्ही पाहिलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. माझं लग्न होईपर्यंत मी रोज फळा लिहिला आणि मावशीला फाटकापर्यंत येऊ न देता तिच्या दारात जाऊन त्यावरचा अंदाज सांगितला. ती म्हणायची, "मले काय करा लागते आता पाण्याशी, मायबाई." तरी ऐकायची. तिला मी खरं सांगितलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी तीच डाव्या हाताने आईला धरून बसली होती.

तर परवा. मी वर आले आणि इमारतीच्या व्हॉट्सॲपच्या गटात नीट लिहिलं. मांडव गच्चीवर नको, खालच्या हॉलमध्ये घ्या, तुरळक ठिकाणी म्हणजे काय ते असं असं. सवयीने परातही लिहिली. दोन मिनिटांत हसण्याची पिवळी तोंडं येऊ लागली. इंजिनिअरने लिहिलं, "मॅडम, आमची परात उलटी ठेवली आहे." मुलाच्या आईने हात जोडलेली चित्रं पाठवली आणि खाली, "शुभ कार्यात असं नका बोलू." मी एकेक उत्तर वाचत बसले. या लोकांनी भिजावं, यांचं टिन उडावं, यांना कळावं, असं मनात आलं, हेही लिहून ठेवते. आणि मग मी गटातलं माझं लिहिणं पुसलं. बोट दाबून धरलं, सर्वांसाठी हटवा. फडकंसुद्धा लागत नाही आता.

दुपारी मी साखरपुड्याला गेले. टिनाच्या मांडवाखाली चाळीसएक माणसं, लहान पोरं, व्हीलचेअरवर मुलाची आजी. मी खुर्ची जिन्याच्या दाराजवळची घेतली होती. पूर्वेला काळं झालं, दोनदा वारा आला, मांडवाची झालर उडाली. मग ऊन पडलं. आइस्क्रीम वाटलं गेलं. काल पेपरात आलं, तिवशाकडे मंगल कार्यालयाचं टिन उडालं, माणसं दवाखान्यात आहेत. इशारा अगदी बरोबर होता, बाबा. सांगितलेल्या जिल्ह्यात, सांगितलेल्या वेळी. आणि ती बातमी वाचून मला आधी काय वाटलं, तर बरं झालं मी ते पुसलं, नाहीतर आणखी हसले असते.

त्या आजीला फोनवरचं वाचता येत नाही. आज लिफ्टपाशी भेटली तेव्हा तिने माझा हात धरून विचारलं, "बाई, त्या दिवशी तुमी काई लिवलं होतं म्हणते पोट्टे. काय होतं ते?"

मी म्हणाले, "काही नाही, आजी. चुकून गेलं होतं."