सुई कोणत्या प्रश्नात आहे?

ता. ६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नमस्कार रीतीपुरता, राग मात्र खरा आहे. नव्या प्राध्यापकांच्या तुझ्या शिबिराला कॉलेजने मला धाडलं, यात माझा काय दोष? पण सख्ख्या भावाचा कागद सगळ्यांसमोर वाचायचा? नर्सिंगच्या मुलींना रुग्णाचं रक्त काढता येईल, असं मी उद्दिष्ट लिहिलं होतं. त्यावर तू विचारलंस की परीक्षेत सुई कोणत्या प्रश्नात आहे. मागचे बाक खो खो हसले! अगं, पहिल्याच वर्षी माझा निकाल शंभर टक्के लागलाय. पहिली आलेली मुलगी सगळ्या पायऱ्या झोपेतसुद्धा सांगेल. मी पुन्हा शिबिराला येणार नाही. नोकरीत कायम नाही केलं तर गेली उडत.

लोभ असावा असं लिहीत नाही. तुझा लोभ सगळ्या वर्गाने पाहिलाय.

तुझा धाकटा

ता. १० जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

कागदावरचं नाव मी वाचलंच नव्हतं. तूच ताडकन उठून उभा राहिलास, म्हणून तो कोणाचा ते कळलं! खुशाल रूस, पण माझा प्रश्न तिथेच आहे. मुलींच्या हाताला काम यावं असं लिहितोस आणि तपासतोस पाठांतर. झोपेत पायऱ्या सांगणारी मुलगी रुग्णाच्या काय कामाची? तुला एवढं साधं दिसत नाही, याचा मला संताप येतो. शिबिराच्या यादीतून तुझं नाव काढलेलं नाही. अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, फोन तरी करत जा.

माया आहे तेवढीच आहे.

ताई

ता. २२ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, कारण हात सुजलाय. ऑपरेशन नीट झालं. पण रक्त काढायला एक शिकाऊ मुलगी आली. बोलण्यात कळलं की ती तुझीच, पहिली आलेली. एकेक पायरी मोठ्याने म्हणत होती, ऐकायला छान वाटलं. शीर काही सापडेना. टोचलं, पुन्हा टोचलं, हात जांभळा केला. थोरल्या नर्सने तिला बाजूला केलं तेव्हा पोर खाटेशीच रडायला लागली. म्हणाली की कॉलेजात कुणी सुई हातात दिलीच नाही, पण सर फार चांगले, पैकीच्या पैकी गुण दिले.

मी तुझा बाप आहे हे सांगायची मला लाज वाटली. तिचा राग नाही आला रे. तुझा आला, खूप आला.

आधी तिचं बघ, मग माझी विचारपूस कर.

अण्णा

ता. १९ ऑगस्ट

ती. अण्णांस,
सा. न.

शिबिराला गेलो, मागच्या बाकावर बसलो. ताईचा सुईचा प्रश्न वहीत उतरवून घेतला.

परत येऊन त्या सगळ्या मुलींना बोलावलं. सरावासाठी रबरी हात आहे आमच्याकडे, पण कुठे? काचेच्या कपाटात, तपासणीला येणाऱ्यांना दाखवायला! किल्ली मागितली तर प्राचार्य म्हणाले की टोचून टोचून खराब होईल. माझं डोकंच फिरलं. मग आणलाय कशाला, पुजायला? तुमच्या इस्पितळातल्या थोरल्या नर्सला बोलावून शेजारी उभं केलं, बाही वर केली आणि माझाच हात टेबलावर ठेवला.

मग पुन्हा परीक्षा घेतली, या वेळी सुई टोचायची. निकाल घसरलाय. मला कायम करणंही त्यांनी पुढे ढकललंय. ढकलू देत.

पुढच्या महिन्यात तुमचं रक्त तपासायचंय ना? त्या रडलेल्या पोरीपुढेच हात करा. आता एकदाच टोचते.

अक्षर वाकडं आलंय, समजून घ्या.

तुमचा धाकटा