इस्त्रीचं नाक

टॅम्पिनीस, सिंगापूर
६ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आज रविवार. सकाळी कपडे धुतले, वरणभात केला, दुपारी तुझा हीटर पूर्ण केला.

तुझ्या रायफल क्लबच्या शिशाच्या गोळ्यांना मेण लावणारं जुनं यंत्र पाचगणीच्या थंडीत अडतं, मेण खाली उतरत नाही, असं तू लिहिलं होतंस. तयार हीटर नव्या यंत्रांनाच बसतात. म्हणून एक विकत आणला आणि तू यंत्राचा तळ कागदावर गिरवून पाठवला होतास, त्याप्रमाणे भोकं पाडली. इथे मेण घट्ट होतच नाही, म्हणून चाचणीसाठी फ्रीजमध्ये ठेवलं. आमच्या कन्येने, ईशाने, चीज समजून त्याचं सँडविच करायला घेतलं होतं.

सरोजिनी गेल्यापासून हातांना काम नव्हतं. बरं झालं, तू हे काढलंस.

वहिनींना नमस्कार. तब्येत सांभाळ आणि लिहीत जा.

तुझा,
प्रबोध


पाचगणी
२५ ऑक्टोबर

चि. प्रबोधास,
अनेक आशीर्वाद.

हीटर पोचला. सुबक आहे, फक्त आरशातल्या यंत्राला बसतो. मी यंत्र उलटं पाडून तळावर कागद ठेवून गिरवलं, तू ते वरून पाहिल्यासारखं वाचलंस. डावं ते उजवं झालं. पलटावा तर तारा वर येतात. जुरोंग आयलंडवर रिफायनरी सांभाळणाऱ्या माझ्या भावाने भोकं उलटी पाडली, हे मी क्लबात सांगून आलो. कागद कोणी गिरवला, ते कोणी विचारलं नाही.

इथला इलेक्ट्रिशियन म्हणतो की जुन्या जड इस्त्रीचा तळ या कामाला उत्तम. तुम्ही पुण्याहून नेलेली तशीच आहे ना? एवढं लिहितोय तोच गिरिजाने मागून वाचलं आणि रागावली. ती सरोजिनीची इस्त्री आहे, विचारण्याआधी माणसाने जरा थांबावं, असं तिचं म्हणणं. तेव्हा मी विचारलं नाही असं समज. मेण शेगडीजवळ धरीन.

पोटभर जेव. माया आहेच.

दादा


टॅम्पिनीस
१७ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. इस्त्री कपाटात होती. सरोजिनी रोज संध्याकाळी तिनेच माझ्या दुसऱ्या दिवशीच्या शर्टाला इस्त्री करायची, कॉलर सगळ्यात शेवटी. ईशाने मागे विचारलं होतं की कोणाला देऊन टाकू का, तेव्हा मी ती कपाटात आणखी मागे सरकवली. देववत नव्हती आणि वापरवतही नव्हती.

तुझं पत्र आल्यावर ती टेबलावर काढून ठेवली. बरेच दिवस तिच्या शेजारी बसूनच जेवलो. काल लावून पाहिली. लगेच तापली. मग वाटलं, इथे गार पडून राहण्यापेक्षा तुझ्याकडे तापत राहू दे.

मूठ काढून घेतली, ती माझ्याकडे ठेवतो. भोकं आतल्या तापणाऱ्या तारेच्या मधल्या जागेत पाडली आहेत, या वेळी कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरून. टोक कापलं तर तार तुटेल, म्हणून ते पुढे आलेलं राहील. हिरवी वायर अर्थिंगची, ती काढू नकोस. पार्सल उद्या टाकतो.

वहिनींना सांग, वाईट वाटलं नाही. तुम्हा दोघांची माया असू द्या.

तुझा,
प्रबोध


पाचगणी
१० डिसेंबर

चि. प्रबोधास,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या फटक्यात बसली. मेण लोण्यासारखं उतरतंय. यंत्राला नाक आल्यासारखं दिसतं. त्या नाकावर गिरिजा सकाळी गोठलेल्या खोबरेलाची बाटली ठेवते. मी हरकत घेतली तर म्हणाली, धाकट्या जावेची इस्त्री आहे, तेव्हा पहिला हक्क माझा. क्लबात सगळे विचारतात, मी सरोजिनीचं नाव सांगतो.

आता मला एक सांग, तू शर्टाला इस्त्री कशाने करतोस? ईशाने गिरिजाला फोनवर सांगितलं की बाबा इतके महिने चुरगळलेल्या शर्टातच कंपनीची बस पकडतात आणि बोललं की ओके लाह म्हणून निघून जातात. तुझं हे सिंगापुरी लाह ऐकून गिरिजा हसली, मग फोन ठेवून मला हे पत्र लिहायला बसवलं.

कपड्यांचं बघ. आमची काळजी त्यानेच कमी होईल.

दादा


टॅम्पिनीस
२२ डिसेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. नाकाचं ईशाला वाचून दाखवलं, तिला फोटो हवा आहे.

आज मॉलमधून नवी इस्त्री आणली. फार हलकी आहे, हातात काही धरलंय असं वाटत नाही. इथे हे एवढंच लिहितो, कारण ती तापली आहे. वहिनींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

उद्याचा शर्ट टेबलावर पसरला आहे. बाह्या झाल्या. कॉलर राहिली आहे.

तुझा,
प्रबोध